बी पण आमची, हात पण आमचे

काजूच्या आयातीवरचा कर वाढवावा की कमी करावा, या विषयावर मागच्या हंगामात सावंतवाडीला एक बैठक होती. आंबोलीहून आम्ही अकराजणी सकाळच्या एस.टी.ने घाट उतरून गेलो. सभागृहात मधे वाट सोडून खुर्च्यांचे दोन भाग केले होते. एका बाजूला बागायतदार, दुसऱ्या बाजूला कारखानदार आणि त्यांच्या मागच्या रांगांत कारखान्यातल्या बायका. दारातल्या मुलाने आम्हाला विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूच्या?" आमच्या गटातल्या एक काकी तिथेच थबकल्या. घाटाखाली त्यांच्या नवऱ्याच्या वाटणीची काजूची बाग आहे. मार्च-एप्रिल-मे तिथे बी वेचायची, सुकवायची, पोती भरायची. आणि पावसाळ्यानंतर चार-पाच महिने कारखान्यात सोलणीला जायचं. काकी म्हणाल्या, "बी पण आमची नि हात पण आमचे. मगे मी खंयच्या बाजूक बसू?"

मुलगा हसला. आम्हीही हसलो. शेवटी काकी मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि अडीच तास तशाच उभ्या होत्या.

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, की जागतिक व्यापारावरच्या सगळ्या चर्चेत आपल्या बाईची जागा ही अशी आहे. तिचे दोन तुकडे करून दोन बाजूंना वाटून टाकलेत. बागायतदार म्हणतो, परदेशी बी येते म्हणून आमचा दर पडतो, कर वाढवा. कारखानदार म्हणतो, बाहेरची बी महाग झाली तर कारखाना बंद पडेल, बायकांचा रोजगार जाईल, कर काढा. दोघेही बाईचं नाव घेतात. एकाकडे ती 'शेतकरी कुटुंब' असते, दुसऱ्याकडे 'महिला रोजगार'. कर वाढला तर ती कारखान्यात मार खाते, कमी झाला तर बागेत. आणि ही एकच बाई आहे, हे दिल्लीत तर सोडाच, सावंतवाडीच्या सभागृहातही कुणाला सुचत नाही.

आता थोडा मागचा हिशेब. आम्ही ज्या घाटाने उतरलो तो घाटच मुळी व्यापारासाठी बांधलेला आहे. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. पुढे इंग्रजांनी वेंगुर्ला बंदर ते बेळगाव असा रस्ता एकोणिसाव्या शतकात काढला, त्या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून आंबोली पुढे आली. १८८० च्या दशकात मुरगावहून रेल्वे वर गेली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. म्हणजे कुणीतरी कुठेतरी रूळ टाकायचे आणि इथल्या बंदराने, गाडीवानांनी, त्यांच्या घरच्या चुलींनी त्याचा परिणाम भोगायचा, हे काही १९९१ नंतर सुरू झालं नाही. काजू तरी आपला कुठे? पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आणला. त्यामुळे 'परकीय बी' विरुद्ध 'आपली बी' असा गळा काढणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

तरीही आजचा काजू आणि आजीच्या वेळचा काजू यात फरक आहे. आजीच्या वेळी काजू बांधावर, रानात आपोआप यायचा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी व्हायची. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं गावोगाव गेली, आणि उतार काजूखाली आले. मी या योजनेला सरसकट नावं ठेवणार नाही. तिने अनेक घरांत पहिल्यांदा रोख पैसा आणला, मुलींची कॉलेजं झाली. पण नाचणी बाईच्या हातात होती. पेरणी तिची, बियाणं तिच्या मडक्यात, कणगीतली नाचणी कधी संपते हे तिला ठाऊक. काजूचा पैसा व्यापाऱ्याकडून येतो, आणि बाग ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातो. जिथे रान तोडून सलग बागा केल्या तिथे सरपण, गुरांचा चारा, पावसाळी रानभाजी हे सगळं लांब गेलं, आणि ते लांब गेलेलं अंतर पायांनी मोजते तीही बाईच. नाचणी सुटली याला गवे-माकडं हेही एक कारण आहे, ते मान्य करते. आमच्याकडे गव्यांचा कळप एका रात्रीत शेत साफ करतो. पण गवा शेतात का उतरला, हे विचारायला गेलं तर पुन्हा त्या तोडलेल्या रानाशीच यावं लागतं.

आता कराचं पाहू. बीवर बरीच वर्षं आयात शुल्क नव्हतं. २०१६ च्या अर्थसंकल्पात ते ५ टक्के लावलं. कारखानदारांनी ओरड केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते अडीच टक्क्यांवर आणलं. बागायतदारांनी ओरड केली. आपल्या देशातले कारखाने चालतात ते बऱ्याच प्रमाणात आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया, गिनी-बिसाऊ अशा आफ्रिकी देशांतून येणाऱ्या बीवर. देशातली बी त्यांना वर्षभर पुरतच नाही. आपल्याकडची बी मेपर्यंत संपते. ज्याच्याकडे साठवायला भांडवल आहे तो ती साठवतो, ज्याच्याकडे नाही त्याचा कारखाना आफ्रिकेच्या बीवरच पावसाळा आणि दिवाळी काढतो. म्हणून 'आयात बंद करा' असं मी म्हणणार नाही. काकींच्या सोलणीचे महिने त्या बीवर उभे आहेत. आणि 'आयात खुली सोडा' असंही म्हणणार नाही, कारण एप्रिलमध्ये व्यापारी याच आयातीकडे बोट दाखवून काकींच्या पोत्याचा दर पाडतो. काही वर्षांपूर्वी दीडशेच्या वर गेलेला दर २०२४ च्या हंगामात शंभर-सव्वाशेच्या घरात आला, तेव्हा शेजारच्या गोव्यात सरकारने १५० रुपयांची आधारभूत किंमत ठरवलेली होती. इकडे राज्य सरकारने किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं.

याउलट सोललेल्या गराकडे बघा. बाहेरून स्वस्त गर येऊन इथल्या कारखानदाराला बुडवू नये म्हणून सरकारने त्याला किमान आयात दर लावला आहे. जून २०१९ मध्ये तो अख्ख्या गराला किलोला ७२० रुपये आणि तुकड्याला ६८० रुपये केला गेला. म्हणजे किमान दर नावाची गोष्ट या खुल्या बाजारात चालते! जागतिक व्यापार संघटना कोसळत नाही, आभाळ पडत नाही. कारखानदाराने मागितला, त्याला मिळाला. तोच किमान दर बीला मागितला की अर्थशास्त्र आडवं येतं. हाताला मागितला तर लोक तोंडाकडे बघतात.

या ७२० रुपयांचा एक हिशेब आम्ही गटाच्या बैठकीत मांडला, तो तुम्हीही आपापल्या गटात मांडून बघा. काजूच्या प्रतीला ३२० नंबर म्हणतात, २४० नंबर म्हणतात. हा नंबर म्हणजे एका पौंडात किती गर बसतात तो आकडा. (पौंड! इंग्रज गेला, पण काजूच्या पोटात त्याचं वजन राहिलंच.) ३२० नंबरचे गर किलोत साधारण सातशे बसतात. म्हणजे सरकारने ठरवून दिलं आहे, की एक गर सुमारे एक रुपयाच्या खाली या देशात शिरता कामा नये. आता तो एक गर बाईच्या हातातून किती वेळा जातो? बी उकडून थंड झाली की कटिंगवाली ती एकेक करून मशीनच्या पात्यात धरते, हाताने दांडा ओढते, पायाने पट्टी दाबते. टरफलातून गर काढायचा, तो फुटू द्यायचा नाही. मग ड्रायर. मग सोलणी, म्हणजे तांबूस साल नखाने, चाकूच्या टोकाने काढायची, तीही गर न मोडता. मग निवडणं, प्रत लावणं. दिवसात दहा किलो सोलले तर सात हजार गर तिच्या बोटांखालून गेले. मजुरी किलोवर. फुटला तर दर कमी. गटातल्या बायकांनी आपापले दर सांगितले, आम्ही फळ्यावर भागाकार केला, आणि एका गरामागची मजुरी रुपयात येईना. पैशात आली. पैशाची नाणी चलनातून कधीच गेली, सोलणीच्या टेबलावर ती अजून चालू आहेत.

काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, हे आपल्याकडे ओले काजूगर काढणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. फेब्रुवारीत आई दटावते, हाताला तेल लाव, राख लाव. घरात चार दिवसांचा तो खेळ असतो. कारखान्यात तेच वर्षानुवर्षं. हातमोज्याने बोटांना अंदाज येत नाही, काम संथ होतं, आणि मजुरी किलोवर, म्हणून बायका मोजे काढून ठेवतात. मग साहेब सांगतात, आम्ही मोजे दिले होते, बायकाच घालत नाहीत. खरं आहे, त्या घालत नाहीत. दिवसाच्या बांधील मजुरीवर ठेवून बघा, घालतात की नाही.

गेल्या वर्षी आमच्या गटातली एकजण रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परत आली. "ताई, माजो अंगठो लागना नाय." मशीनवर तिने दहाही बोटं टेकवून बघितली होती. वर्षानुवर्षं कटिंग करून बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा 'व्यावसायिक आरोग्य' नावाचं प्रकरण परीक्षेला पाठ केलं होतं. त्यात फुप्फुसं होती, मणके होते, ऐकू कमी येणं होतं. आपण कोण आहोत हे सिद्ध करायला लागणारा अंगठाच कामात झिजून जातो, हे त्यात नव्हतं. न्यूयॉर्कच्या कुठल्या पार्टीत नाहीतर मुंबईच्या दिवाळीच्या डब्यात जो पांढराशुभ्र अख्खा गर जातो, त्यावर तिच्या बोटाचा ठसा नसतो. तिच्या बोटावरही तो राहिलेला नाही.

आणि जमीन? दहा रुपयांचं अनुदान घ्यायचं तर सातबारा हवा, त्यावर काजूची नोंद हवी, विक्रीची पावती हवी. सातबारा नवऱ्याचा, सासऱ्याचा, नाहीतर मुंबईत असलेल्या दिराचा. पावती व्यापारी त्याच्याच नावाची करतो. आंबोली, चौकुळ, गेळे या आमच्या तीन गावांत तर आणखी तिढा. संस्थानच्या काळापासून कबुलायतदार गावकर पद्धतीने गाव ज्या जमिनी कसत आला, त्यांच्या सातबाऱ्यावर १९९९ साली महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं. तेव्हापासून मोर्चे, निवेदनं, मंत्रालयातल्या बैठका. या लढ्यात आम्ही बायका मोर्च्याला पुढे असतो. पण वाटपाची बोलणी होतात तेव्हा बोलतात ते 'कुटुंबप्रमुख'. त्या शब्दाला स्त्रीलिंग आहे, हे आम्हाला प्रत्येक बैठकीत सांगावं लागतं.

१९९४ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एप्रिलमध्ये माराकेशला भारताने गॅटच्या करारावर सही केली, त्यातून पुढच्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. त्याच १९९४ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण आणलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती केली. एक कागद मोरोक्कोहून निघाला आणि काही वर्षांत काकींच्या पोत्याच्या दरापर्यंत येऊन पोचला. दुसरा मुंबईहून निघाला, तो तीस वर्षांत त्यांच्या सातबाऱ्यापर्यंत पोचला नाही. खुल्या व्यापाराने सगळ्या वाटा मोकळ्या होतात म्हणणाऱ्यांनी ही वाट का तुंबली, ते सांगावं.

आता थोडं आपल्या स्वतःबद्दल, आणि हे काहीजणींना आवडणार नाही. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा आपल्या आधीच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरून घोषणा दिल्या. योग्यच केलं. त्याच वेळी शरद जोशी उघडपणे डंकेलच्या बाजूने उभे होते, म्हणत होते शेतकऱ्याला बाजार खुला मिळू द्या, त्याला आजवर सरकारनेच लुटलं आहे. त्यांचा आणि आपला मतभेद आजही कायम आहे. बाजार खुला झाला आणि काजूवाल्याच्या हाती काय आलं ते वर लिहिलंच आहे. पण त्याच माणसाच्या संघटनेने १९८६ साली चांदवडला ग्रामीण बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. जागतिकीकरणाला विरोध करणाऱ्या आपण 'जमिनी कंपन्यांच्या घशात जातील' असं म्हणत राहिलो. त्या जमिनी आज कुणाच्या घशात आहेत, हे विचारायला आपण कमी पडलो. घरातल्या पुरुषाच्या नावावरची बाग वाचवायला बाईने कंपनीशी लढायचं, आणि बाग वाचली की पुन्हा वेचायला जायचं! खाउजाविरोधी शिबिरांत मी स्वतः तास घेतले आहेत. पितृसत्तेचा तास सकाळी आणि जागतिकीकरणाचा तास जेवणानंतर, असे वेगवेगळे घेतले. काकींना एका खुर्चीवर बसता आलं नाही, त्यात माझ्या त्या वेळापत्रकाचाही वाटा आहे.

कारखानदारांचं एक म्हणणं मात्र गंभीरपणे ऐकायला हवं. ते म्हणतात, मजुरी वाढवली तर व्हिएतनाम आम्हाला खाऊन टाकेल. व्हिएतनामने २००६ च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं, हे खरं. केरळात कोल्लमला शेकडो कारखान्यांना कुलूप लागलं आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायकाच होत्या, हेही खरं. पण व्हिएतनाम पुढे गेला तो यंत्रं आणि मोठ्या खरेदीच्या जोरावर. आमच्याकडचा छोटा कारखानदार बायकांच्या मजुरीने बुडत नाही. तो बुडतो हंगामात तीन महिन्यांत वर्षाची बी घ्यायला काढलेल्या कर्जाच्या व्याजाने. त्याने बँकेशी भांडावं, सरकारकडे कमी व्याजाचं भांडवल मागावं, आम्ही त्याच्याबरोबर मोर्च्याला येऊ. पण व्याज बँकेला मुकाट्याने द्यायचं आणि तोटा सोलणीच्या दरातून काढायचा, हा कुठला उद्योगधर्म? किलोवर मजुरी दिली की किमान वेतन चुकवता येतं, हाही एक गैरसमज आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तुकड्यावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनाचं संरक्षण होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही तशी तरतूद आहे. आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ सालीच सांगून ठेवलं आहे.

'मग कारखाना आफ्रिकेतच जाईल', असंही त्या बैठकीत एकजण म्हणाले. जाऊ शकतो. बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी देशाबाहेर पाठवायला बंदी घालण्याचा निर्णय घेतला. त्यांना त्यांच्याकडे कारखाने हवेत. का नसावेत? तिथेही बी वेचणारी बाईच आहे आणि उद्या सोलणारीही बाईच असेल. तिच्या हातात चीक भरेल तेव्हा तो 'तिथल्या महिलांना रोजगार' म्हणून मोजला जाईल. मला तिच्याशी स्पर्धा करायची नाही. तिला आणि काकींना एकमेकींचा दर कळला तर दोघींच्या मालकांना ते जड जाईल, एवढं मात्र नक्की.

आंबोलीच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात आमच्या गटातल्या दोघी-तिघी चहा-कणीस विकतात, बाजूला काजूची पाकिटं असतात. पर्यटक विचारतो, "गावठी आहे ना?" वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे प्रश्नात आता जरा वजनही आलं आहे. बायका 'हो' म्हणतात. कधी ती बी इथली असते, कधी आयव्हरी कोस्टची असून इथे सोललेली असते. मी एकदा विचारलं, खोटं कशाला बोलता? उत्तर आलं, "सोलल्यान कोणी? आमीच मां?"

त्या बैठकीत शेवटी ठराव झाला: आयात शुल्क वाढवावं आणि छोट्या कारखान्यांना सवलत द्यावी. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोन ओळी जोडायला सांगितल्या. ज्या कारखान्याला सरकारी सवलत मिळेल त्याने सोलणी-कटिंगचा दर फळ्यावर लिहावा आणि तो दिवसाच्या किमान वेतनाला पुरेल असा असावा. आणि बीची पावती विकायला आलेल्या बाईच्या नावाने करावी, सातबारा कुणाचाही असो. अध्यक्ष म्हणाले, हा आजच्या बैठकीचा विषय नाही.

आम्ही गटाने एक वही केली आहे. तिच्यात प्रत्येक बाईची दोन पानं समोरासमोर आहेत. डाव्या पानावर बागेतले दिवस, किती बी वेचली, काय दराने गेली, पैसे कुणाच्या खात्यात गेले. उजव्या पानावर कारखान्यातले दिवस, किती किलो सोलले, किती फुटले म्हणून कापले, काय हातात आलं. काकींची दोन्ही पानं भरत आली आहेत. चंदगड-आजरा भागातल्या, दोडामार्गातल्या गटांनी अशा वह्या सुरू केल्या तर कळवा. मार्चमध्ये बी उतरायच्या आधी त्या एकत्र बसून वाचायच्या आहेत, आणि त्या दिवशी खुर्च्या गोल मांडायच्या आहेत.